चुंबकीय क्षेत्र नसले की वातावरण उडून जाते का?

चुंबकीय क्षेत्र नसलेल्या ग्रहाचे वातावरण सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा झोत, खरवडून नेतो आणि मंगळाचे नेमके हेच झाले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पण हे विधान अर्धवट आहे. शुक्राला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तो सूर्याला पृथ्वीपेक्षा जवळ आहे, तरीही त्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे. सौरवारा त्याच्या वातावरणातील आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, थरावर आदळला की तेथे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांतून तयार झालेले चुंबकीय आवरणच वाऱ्याला बऱ्याच अंशी वळवते. उलट पृथ्वीच्या ध्रुवांजवळ क्षेत्ररेषा अवकाशाकडे उघड्या असल्यामुळे तेथून ऑक्सिजनचे आयन सतत निसटतात.

मंगळाची खरी दुर्बलता त्याच्या कमी गुरुत्वाकर्षणात आहे, आणि ही बाब फार कमी वेळा सांगितली जाते. तेथे ऑक्सिजनचा आयनीभूत रेणू इलेक्ट्रॉनशी जुळून फुटतो, तेव्हा सुटणाऱ्या अणूंना मिळणारा वेग मंगळावरून निसटण्यास पुरतो, शुक्रावरून किंवा पृथ्वीवरून पुरत नाही. हे अणू विद्युतभाररहित असल्याने चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवूही शकत नाही. सौरवाऱ्याचा वाटा खराच आहे, मात्र ग्रहाची वास्तव्ययोग्यता ठरवताना वस्तुमान, ज्वालामुखींतून होणारी वायूंची भरपाई आणि ताऱ्याचे अतिनील किरण यांचाही हिशेब मांडावा लागतो.