जांभळा रंग उमटला, पुढे काय? अमली पदार्थांच्या रंगचाचण्यांची पार्श्वभूमी

संशयित पावडरवर दोन थेंब टाकून रंग पाहायचा, ही पोलिसांच्या किटमधली पद्धत मुळात विषप्रयोगाच्या खटल्यांतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सेर्ट्युर्नरने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. पाठोपाठ स्ट्रिक्निन, निकोटिन अशी अल्कलॉइडं (वनस्पतींतली, शरीरावर तीव्र परिणाम करणारी नत्रयुक्त द्रव्यं) हाती आली, आणि खुन्यांच्याही. 1850 साली बेल्जियममधल्या एका खून प्रकरणात रसायनशास्त्रज्ञ झाँ स्तास यांनी मृताच्या अवयवांतून निकोटिन काढून दाखवलं. पण काढलेला पदार्थ नेमका कोणता, हे ठरवायला रंगांचाच आधार होता.

या कामाचं मोठं केंद्र होतं दोर्पात विद्यापीठ, म्हणजे आजच्या एस्टोनियातलं तार्तू. तिथे ड्रागेनडॉर्फ औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. व्हॅनेडियम या धातूचं संयुग वापरणारी मँडेलिनची चाचणी तिथलीच आणि 1896 साली मार्क्विसने मांडलेली चाचणीही. मार्क्विसच्या अभिकारकात, म्हणजे चाचणीसाठी टाकायच्या द्रावणात, दोनच गोष्टी: फॉर्मल्डिहाइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल. फॉर्मल्डिहाइड मॉर्फिनचे दोन रेणू जोडतं, आम्लात त्याचा रंगीत आयन (विद्युतभारित कण) बनतो आणि जांभळा रंग दिसतो. हेरॉइनही जांभळाच रंग देतं. अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक नारिंगी ते तपकिरी.

म्हणजे रंग रेणूच्या एखाद्या भागाला मिळालेला प्रतिसाद असतो, संपूर्ण पदार्थाची ओळख नव्हे. ही अडचण तेव्हाही माहीत होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1870च्या दशकात इटलीत रसायनशास्त्रज्ञ सेल्मी यांनी दाखवलं की कुजणाऱ्या प्रेतात आपोआप तयार होणारी द्रव्यंही वनस्पतीतल्या अल्कलॉइडांसारखा प्रतिसाद देतात. एवढ्या आधारावर एखाद्या निरपराधावर विषप्रयोगाचा ठपका बसू शकत होता.

विसाव्या शतकात चाचण्या वाढल्या: गांजासाठी ड्युकेन्वा चाचणी, कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेटचं द्रावण. हे दुसरं द्रावण कोकेनने निळं होतं, तसंच लिडोकेन या भूल देणाऱ्या औषधानेही. अमेरिकेत 2000 साली अशा किटसाठी जे मानक निघालं, त्याच्या शीर्षकातच ‘प्राथमिक’ हा शब्द आहे. पक्की ओळख वायू-वर्णलेखन (मिश्रणातले घटक वेगळे करणं) आणि वस्तुमान वर्णपटमापन (रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखणं) यांसारख्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनीच करायची.

रस्त्यावर मात्र हा शब्द गळून पडतो. 2015 मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत एका माणसाच्या गाडीत सापडलेले पांढरे कण किटने मेथॅम्फेटामाइन ठरवले आणि त्याला अटक झाली. नंतर प्रयोगशाळेने तपासलं, तेव्हा त्यात कोणताही अमली पदार्थ निघाला नाही. ते डोनटवरच्या साखरेचे कण होते, आणि त्याने अटकेच्या वेळी तेच सांगितलं होतं.