आवक मोजली, जावक राहिली: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या दोन आकड्यांची पार्श्वभूमी

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला ८५ हा आकडा बहुतेक मोठ्या विद्यापीठांपुरता निकालात निघाला. एका संघाने जास्तीत जास्त ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यायची, असा नियम तीसेक वर्षं चालला होता. त्याच्या जोडीला दुसरा आकडा होता २५चा. एका वर्षात किती नव्या खेळाडूंना शिष्यवृत्तीवर घ्यायचं, त्याची ही मर्यादा. ८५ गेला तो न्यायालयातल्या तडजोडीमुळे, गाजावाजा होऊन. २५ मात्र त्याआधी तीन वर्षं जवळजवळ गुपचूप गेला. खेळाडू एका कॉलेजातून उठून दुसऱ्या कॉलेजात जाऊ लागले आणि त्या धक्क्याने तो कोसळला. मला या दोघांत दुसऱ्याची कहाणी जास्त बोलकी वाटते.

हा फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून खेळायचा अमेरिकी खेळ. मैदानात एका वेळी अकरा जण उतरतात. पण आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे, चेंडूला लाथ मारणारे आणखी वेगळे. त्यात दुखापती ठरलेल्याच. त्यामुळे संघ शंभराच्या घरात जातो. शिष्यवृत्तीवर असलेल्यांशिवाय स्वखर्चाने शिकणारे आणि तरीही रोज सरावाला येणारे ‘वॉक-ऑन’ खेळाडूही त्यात असतात. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत हिशेब डोक्यांचा असे. एखाद्याला अर्धी शिष्यवृत्ती दिली तरी ८५पैकी एक जागा पूर्ण गेली.

कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने १९५६मध्ये खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती द्यायला रीतसर परवानगी दिली, पण किती जणांना द्यायची यावर देशभर लागू होणारं बंधन नव्हतं. काही परिषदांनी, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांनी, आपापल्या मर्यादा घातल्या होत्या, बाकीच्यांना मोकळं रान. ज्याच्या तिजोरीत पैसा त्याने पोरं गोळा करावीत. गोळा केलेली सगळी खेळलीच पाहिजेत असंही नव्हतं. प्रतिस्पर्ध्याकडे गेली नाहीत एवढंही पुरायचं.

१९७३मध्ये एनसीएएने पहिल्यांदा दावं बांधलं. एकूण १०५ शिष्यवृत्त्या, त्यातल्या वर्षाला नव्या ३०. कारण मुख्यतः खर्चाचं होतं. आदल्याच वर्षी शिक्षणात मुलामुलींत भेदभाव करायला मनाई करणारा टायटल नाइन कायदा झाला होता आणि मुलींच्या खेळांसाठीही पैसे काढावे लागणार हे दिसत होतं. नियमाच्या उंबरठ्यावर जॉनी मेजर्स पिट्सबर्ग विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले. १९७२मध्ये हा संघ अकरापैकी एकच सामना जिंकला होता. मेजर्स यांनी पहिल्याच वर्षी सत्तरहून अधिक नवी मुलं आणल्याचं सांगतात. त्यांत टोनी डॉरसेट होता. १९७६मध्ये पिट्सबर्ग एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरलं आणि डॉरसेटला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन करंडक मिळाला. वार्षिक मर्यादा कशासाठी हवी, याचं याहून चांगलं उदाहरण नियम करणाऱ्यांनाही सापडलं नसतं.

पुढे १०५चे १९७८मध्ये ९५ झाले आणि नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने, १९९४पर्यंत, ८५. वार्षिक मर्यादाही ३०वरून २५वर आली. चार-पाच वर्षांचा मुक्काम धरला तर वर्षाला २५ म्हणजे शंभराच्या वर जातात. काही गळतात, काही नापास होतात, ८५ सहज भरतात. गणित चोख होतं, फक्त ते आलेली मुलं राहतात या गृहीतकावर उभं होतं.

दुसऱ्या कॉलेजात जायला बंदी कधीच नव्हती, पण जाणाऱ्याला नव्या ठिकाणी एक वर्ष बाकावर बसावं लागे. सराव करायचा, सामना खेळायचा नाही. शिवाय जुन्या कॉलेजने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्या प्रशिक्षकाने त्याच्याशी बोलायचंही नाही. आपल्याकडे राज्य संघटना बदलणाऱ्या क्रिकेटपटूला ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पृथ्वी शॉने २०२५मध्ये मुंबईकडून ते घेतलं आणि त्याच मोसमात तो महाराष्ट्राकडून खेळला. अमेरिकी विद्यार्थ्याला असं प्रमाणपत्र मिळालं तरी वर्ष जायचंच. पदवी पूर्ण केलेल्यांना तेवढी सवलत होती. रसेल विल्सन २०११मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट सोडून विस्कॉन्सिनला गेला आणि लगेच खेळला, तो या वाटेने.

आवक मोजण्यात मात्र प्रशिक्षकांनी चिकार पळवाटा काढल्या. अमुक कॉलेजात येतो, अशा करारावर मुलं सही करत फेब्रुवारीत आणि शिष्यवृत्ती लागू होई ऑगस्टमध्ये. मधल्या काळात कोण परीक्षेत अडकेल, कोण विचार बदलेल, याचा अंदाज बांधून जास्तीच्या सह्या घ्यायच्या. अंदाज चुकून सगळेच आले, तर एखाद्याला सांगायचं, “तू सध्या थांब, जानेवारीत ये.” याला ‘ग्रेशर्ट’ म्हणत. ‘ब्लूशर्ट’ नावाचा प्रकार आणखी धूर्त होता. मुलाला अधिकृत भेटीला बोलवायचंच नाही, त्याच्याकडून सही घ्यायची नाही, सराव सुरू झाल्यावर शिष्यवृत्ती द्यायची. कागदोपत्री त्याला कुणी गळ घातलेलीच नसल्यामुळे त्याची मोजणी पुढच्या वर्षात जाई. जानेवारीत आलेल्यांना मागच्या वर्षाच्या खात्यात घालायचीही सोय होती.

२००९मध्ये ह्यूस्टन नट यांनी मिसिसिपी विद्यापीठासाठी ३७ जणांच्या सह्या घेतल्या तेव्हा अति झालं. त्यांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या परिषदेने लगोलग २८ची मर्यादा आणली. लोक तिला नट यांच्याच नावाने ओळखू लागले. २०११मध्ये तिथेच ती २५वर आली. अखेर २०१७मध्ये एनसीएएने सगळ्यांसाठीच गाठ आवळली. वर्षाला २५ म्हणजे २५, सह्यासुद्धा तेवढ्याच. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना ऐन वेळी वाऱ्यावर सोडलं जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो योग्यच होता.

आणि हे दार घट्ट बंद झालं न झालं तोच, १५ ऑक्टोबर २०१८ला, ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. पोर्टल म्हणजे निव्वळ एक संगणकीय यादी. खेळाडूने कॉलेजला लेखी कळवायचं, कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव चढवायचं, मग देशातल्या कुठल्याही प्रशिक्षकाने त्याला फोन करावा. परवानगीचा प्रश्न संपला.

इथे मेख अशी, की दुसऱ्या कॉलेजातून आलेला खेळाडूही नव्या संघाच्या २५मध्ये मोजला जाई, पण गेलेल्याची जागा जुन्या संघाला परत मिळत नसे. समजा, ८५च्या संघातले २० जण पदवी घेऊन गेले. उरले ६५. २५ नवे घेतले की ८५ भरतात, वर थोडी ओढाताणच होते. पण त्यासोबत १५ जण पोर्टलमधून गेले तर उरतात ५०. वर २५ टाकले तरी ७५. शिष्यवृत्तीच्या दहा जागा मोकळ्या, पैसे तयार, आणि भरता मात्र येत नाहीत. पुढच्या वर्षी असंच झालं तर खड्डा आणखी खोल.

हे कागदावरचं भय नव्हतं. कॅन्ससने ते पोर्टलच्याही आधी भोगलं होतं. तिथे चार्ली वाइस यांनी झटपट यशासाठी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतून आलेल्या खेळाडूंवर भिस्त ठेवली. अशा खेळाडूंच्या हातात मोजकीच वर्षं असतात. बरेच टिकलेही नाहीत. सप्टेंबर २०१४मध्ये वाइस यांना काढलं. त्यांच्यामागून आलेल्या डेव्हिड बीटी यांच्या हाती साठीच्या आसपास शिष्यवृत्तीधारक असलेला संघ पडला. भरती करायची तर वर्षाला २५चीच. २०१५मध्ये कॅन्सस बाराच्या बारा सामने हरलं. एका प्रशिक्षकाच्या घाईची किंमत पुढचे कित्येक हंगाम फेडावी लागली, कारण नियमात आवकेला कुलूप होतं आणि जावकेचा रकानाच नव्हता. पोर्टल आल्यावर ही पाळी कुणावरही येऊ शकत होती. जानेवारी २०२१मध्ये टेनेसीने प्रशिक्षक जेरेमी प्रुइट यांना काढलं, तेव्हा त्या सुमाराला दोन डझनांहून जास्त खेळाडूंनी वाट धरली.

त्यातच करोना. २०२०चा हंगाम कुणाच्याच पात्रतेच्या वर्षांत धरायचा नाही असं ठरलं, त्यामुळे जाणारे थांबले. २०२१पुरतं या थांबलेल्यांना ८५च्या बाहेर ठेवलं, पण बाकीचे सगळेही एकेक वर्ष जास्त राहणार होते. एप्रिल २०२१मध्ये एनसीएएने प्रत्येक खेळाडूला एकदा तरी बाकावर न बसता कॉलेज बदलायची मुभा दिली. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवता येऊ लागले. म्हणजे जायला वाट मिळाली आणि जायला कारणही.

प्रशिक्षकांच्या संघटनेने ओरड केल्यावर ऑक्टोबर २०२१मध्ये ठिगळ लावलं गेलं: गेलेल्यांच्या बदल्यात, एकास एक, जास्तीत जास्त सात जादा. पंचवीस अधिक सात, बत्तीस. पण वीस-वीस जण जात असतील तर सात कुठे पुरणार? मे २०२२मध्ये वार्षिक मर्यादा दोन वर्षांसाठी उठवली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची रद्द केली. पन्नास वर्षांपूर्वी ३०वर सुरू झालेला नियम असा संपला. तेव्हा उरला फक्त ८५.

या रद्दबातलीचं बहुतेकांनी स्वागत केलं. माझं मत जरा वेगळं आहे. २५ची मर्यादा मोडकी होती हे खरं, पण तिच्यात खेळाडूसाठी एक आडोसा होता. वर्षाला २५च आणता येणार असतील, तर प्रशिक्षकाला हाताशी असलेली मुलं घडवावी लागतात, हाकलून चालत नाही. आडोसा गेला आणि कोलोरॅडोत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. २०२२मध्ये हा संघ बारापैकी एक सामना जिंकला होता. नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनी पहिल्याच बैठकीत खेळाडूंना पोर्टलची वाट धरायला सुचवलं, कॅमेरे चालू असताना. २०२३च्या हंगामापर्यंत पन्नासहून अधिक खेळाडू बाहेरून आले होते, शिष्यवृत्तीवरचे जुने बोटांवर मोजण्याइतके उरले. संघ चार सामने जिंकला, आठ हरला. मोठ्या परिषदांनी २०१५मध्येच ठरवलं होतं की खेळ खालावला म्हणून कुणाची शिष्यवृत्ती काढायची नाही. नियम कायम आहे. पण “इथे तुला खेळायला मिळणार नाही, बघ बाबा” एवढं सांगायला शिष्यवृत्ती काढावी लागत नाही. आणि मुलाने पोर्टलमध्ये नाव घातलं की सत्राअखेर ती थांबवायला कॉलेज मोकळं.

दुसरी बाजूही आहे. कर्ट सिग्नेटी २०२४च्या हंगामासाठी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियानाला आले, तेव्हा आपले तेरा जुने खेळाडू सोबत घेऊन आले. फुटबॉलमध्ये कधी फारसं नाव नसलेला हा संघ अकरा सामने जिंकून थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, गेला. जुन्या नियमात तेरा जागा तिथेच संपल्या असत्या, नव्या भरतीला बाराच उरल्या असत्या.

या सगळ्यात मार बसला तो शाळेतून निघणाऱ्या मुलांना. आधी २५च्या बहुतेक जागा त्यांच्याच असत. आता प्रशिक्षक विचारतो, अठरा वर्षांच्या पोराला दोन वर्षं घडवत बसू, की दुसऱ्याने घडवलेला एकवीस वर्षांचा घेऊ? पहिल्या फळीतल्या मुलांना फरक पडत नाही. मधल्या फळीतली मुलं लहान विद्यापीठांकडे वळतात, तिथे चमकली की मोठी विद्यापीठं पोर्टलमधून उचलतात. डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयाने दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्यांवरची वर्षभर बाकावर बसण्याची सक्तीही रोखली आणि एप्रिल २०२४मध्ये एनसीएएने ती सोडून दिली. अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा बदला.

मग ८५ची पाळी. हाउस विरुद्ध एनसीएए या खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ला मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची आली: फुटबॉलमध्ये १०५ डोकी, वॉक-ऑन धरून. आकडा १९७३चाच, अर्थ निराळा. बऱ्याच संघांत १२०च्या पुढे खेळाडू असत, त्यामुळे स्वखर्चाने खेळणाऱ्यांचीच नावं आधी कापली गेली. विल्केन यांनी याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली होती. शेवटी, कापलेल्यांना परत घेतलं तर ते मर्यादेत मोजायचे नाहीत, अशी तोड निघाली. परत घ्यायचं की नाही, हे मात्र विद्यापीठाच्या मर्जीवर.

१०५ जणांना शिष्यवृत्ती देता येते, म्हणून सगळेच देतात असं नाही. खेळाडूंना थेट वाटायच्या पैशांवर २०२५-२६साठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा आहे आणि वाढीव शिष्यवृत्त्यांपैकी २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम त्यातूनच वजा होते. राखीव फळीतल्या विसाव्या खेळाडूची फी भरायची, की ते पैसे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या क्वार्टरबॅकला द्यायचे, असा तो सरळ व्यवहार.

जावकेवर काही बंधन उरलं असेल तर ते तारखांचं. २०२२मध्ये पोर्टलचे दिवस ठरवून दिले गेले, डिसेंबरचे आणि वसंतातले. ते पुढे कमी कमी होत गेले. २०२६साठी एप्रिलची खिडकी काढूनच टाकली आणि २ ते १६ जानेवारी असा एकच पंधरवडा ठेवला. वसंत सरावात कुणाचा गुडघा गेला, तर त्याच्या जागी उचलायला पोर्टलमध्ये नवं नाव येत नाही. जानेवारीत कुणी न उचललेल्यांपैकीच कुणाला तरी फोन करायचा.