तुरिनचा दोष किती, शापाचा किती?

इंग्रज लेखक टोल्किनच्या कथेतला शापित नायक तुरिन तुराम्बार वाचून कुणी हळहळतं, तर कुणी वैतागतं की एवढं सांगूनही हा ऐकत कसा नाही! शापाने बुडाला की हट्टाने, हा वाद पात्राहून जुना आहे. त्याचं मूळ फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यात आहे.

फिनलंडच्या एलिआस ल्योनरोटने लोकगीतं जमवून १८४९ मध्ये कालेवालाची ५० सर्गांची आवृत्ती काढली. त्यातले ३१ ते ३६ हे सर्ग कुल्लेर्वो या अभागी नायकाचे. सूड घेणारं पोर, राबणारा गडी, नकळत बहिणीशी संग करणारा भाऊ, लढाईला निघालेला मुलगा, ही मुळात वेगवेगळी गाणी. ल्योनरोटने ती सगळी एकाच्याच नावावर चढवली. जोड लपलेले नाहीत. ३१व्या सर्गात कापलं गेलेलं कुटुंब ३४व्यात जिवंत भेटतं.

कुल्लेर्वोची कीव येते ती ३२व्या-३३व्या सर्गांत. लोहार इल्मारिनेनची बायको गुरं राखणाऱ्या या पोराला दिलेल्या पावात दगड घालून भाजते. तो कापायला जातो आणि सुरी मोडते. बापाची तेवढीच एक वस्तू त्याच्याजवळ उरलेली असते. संध्याकाळी तो गुरांऐवजी अस्वलं नि लांडगे हाकत आणतो आणि धारेला बसलेली मालकीण फाडली जाते. ३६व्या सर्गाच्या शेवटी म्हातारा शहाणा गायक व्हाइनामोइनेन निवाडा देतो, की वाईट वाढवलेलं पोर मोठं झालं तरी त्याला शहाणपण येत नाही. दोष वाढवणाऱ्यांचा, विषय संपला.

ऑक्सफर्डला शिकत असताना १९१४ मध्ये टोल्किनने ही कथा आपल्या पद्धतीने लिहायला घेतली. ती अपुरीच राहिली, पण तिच्यातूनच पुढे तुरिन आला. १९५१च्या एका पत्रात टोल्किनने त्याचं मूळ सिगुर्ड, इडिपस आणि कुल्लेर्वो या तिघांत असल्याचं सांगितलं आहे.

व्हाइनामोइनेनचा सोपा निवाडा मात्र त्याने उचलला नाही. तुरिनचा बाप हुरिन याच्या कुळाला दुष्ट शक्तींचा स्वामी मॉर्गॉथ याचा शाप दिला, ग्लाउरुंग ड्रॅगनची भुरळ घालणारी नजर दिली, आणि त्याच वेळी तुरिनसमोर सुटकेची दारंही उघडी ठेवली. सर्वात जुन्या कथेत टोमणे मारणाऱ्या एल्फला तुरिन मेजवानीतच पेला फेकून मारतो आणि तो तिथेच मरतो. नंतरच्या लेखनात पेल्याने हा एल्फ, आता नाव साइरोस, फक्त जखमी होतो. दुसऱ्या दिवशी हल्ला तोच करतो; तुरिन त्याला नागवा करून रानात पळवतो आणि ओढ्यावरून उडी मारताना तो खडकावर आपटून मरतो. हे पाहिलेली एल्फ मुलगी नेलास साक्ष देते, तुरिनला सांभाळणारा एल्फांचा राजा थिंगोल माफ करतो. मित्र बेलेग माफीचा निरोप घेऊन पोचतो तोवर तुरिनने स्वतःचं नाव ‘नेइथान’, म्हणजे ‘अन्याय झालेला’, असं ठेवलेलं असतं. तो परतत नाही. गुन्हा हलका झाला तसा हट्ट जास्त डोळ्यांवर येऊ लागला. पुढे तो राहतो त्या नार्गोथ्रोंड या एल्फांच्या गडाचा पूल पाडा, असा जलदेव उल्मोचा निरोप येतो, तोही तो धुडकावतो. पुढे ग्लाउरुंग त्याच पुलावरून आत शिरतो.

दोष द्यायचाच तर सरसकट देऊ नये. बेलेगला तो अंधारात शत्रू समजून मारतो. बहीण नियेनोरशी लग्न होतं तेव्हा दोघांनाही नातं ठाऊक नसतं. ब्रान्दिरचं तसं नाही. तो लंगडा, निःशस्त्र माणूस नियेनोर ही बहीणच होती, हे खरं तेच सांगतो आणि तुरिन समोरासमोर त्याच्यावर तलवार चालवतो. इथे शापाकडे बोट दाखवणं आम्हाला पटत नाही.

शेवट दोघांचा सारखाच, तलवारीला विचारून तिच्यावर पडायचं. कुल्लेर्वोची तलवार म्हणते, निष्पापांचं रक्त पिते, तर पाप्याचं का पिऊ नये? तुरिनची तलवार गुर्थांग, जी आधी बेलेगची होती, मात्र नावं घेते. आपला धनी बेलेग आणि अन्यायाने मारलेला ब्रान्दिर, यांचं रक्त विसरता यावं म्हणून तुझं आनंदाने पिईन, असं ती त्याला सांगते.