आधी बुश, मग शॉकअप, मग स्प्रिंग

स्पोर्ट्स कार दारात आली की हात शिवशिवायला लागतात, आणि पहिला नंबर लागतो स्प्रिंगचा. टायर आणि मडगार्ड यांच्यातली चार बोटांची फट डोळ्यांत खुपत असते. आखूड, कडक स्प्रिंग बसवल्या की गाडी खाली बसते, वळणावर कमी कलते आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण गाडी कमी कलली म्हणून टायरची पकड वाढत नाही. पकड टिकते ती टायर रस्त्यावर सारख्या दाबाने टेकून राहिला तर. शर्यतीचा ट्रॅक गुळगुळीत असतो. रोजच्या रस्त्याला खड्डे आणि ठिगळं असतात, तिथे चाकाला वर-खाली जायला जागा लागते. स्वस्तातल्या बहुतेक बदलांमध्ये पहिल्यांदा हीच जागा खाल्ली जाते.

म्हणून सुरुवात नव्या पार्टने न करता झिजलेल्या पार्टपासून करावी. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खडखड लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलं आहे. ३ आणि ९ च्या जागी खेळ असेल तर बहुधा टाय रॉडचं टोक. आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशला, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी नळीला, पहार लावून हलकेच रेटा, रबर चिरलेलं असेल तर भेग तोंड उघडते. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, की सील गेलं. टायरवरून आडवा तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून पाहता चाकाचं आत किंवा बाहेर वळलेलं असणं) बिघडला आहे. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉकअप चाकाला आवरत नाही. बऱ्याच जुन्या गाड्या केवळ नव्या बुश आणि मूळच्याच दर्जाच्या नव्या शॉकअपवर इतक्या सुधारतात, की पुढच्या खर्चाची गरजच उरत नाही.

बुश बदलताना एक चूक हमखास होते. रबरी बुशमधली लोखंडी नळी बोल्ट आवळल्यावर जागच्या जागी पकडली जाते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं. गाडी थोडी उंच बसते आणि नवी बुश काही महिन्यांत फाटते. बोल्ट हाताने लावून घ्यावेत, आर्मखाली जॅक देऊन चाक नेहमीच्या उंचीवर आणावं आणि मगच टॉर्क रेंच लावावा.

यानंतर पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक पाडतं ते अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. समजा दोन्ही चाकांचा मिळून टो ३ मिमी चुकला आहे. टायरचा व्यास ६०० मिमी धरला तर प्रत्येक चाक दर मीटरला अडीच मिमी तिरकं चालू पाहतं, म्हणजे किलोमीटरला अडीच मीटर आडवं घासलं जातं. टायर कॅम्बरपेक्षा (समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) टोने लवकर संपतो तो यामुळे. रस्त्यावरच्या गाडीला पुढे उणे १ ते उणे दीड अंशाचा कॅम्बर, पुढचा टो शून्याच्या आसपास आणि मागे किंचित टो-इन ही बहुतेकांना मानवणारी सुरुवात आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) गाडीत कॅम्बर बदलायची सोय नसेल, तर स्ट्रटच्या बोल्टच्या जागी मध्यापासून सरकलेला, फिरवून चाक कलवणारा कॅम्बर बोल्ट घालता येतो; त्याने साधारण एक-दीड अंश मिळतो. कॅम्बर बदलला की टो हलतो, म्हणून टो शेवटी. आणि टायर टणक झालेले असतील तर हा सगळा हिशेब त्यांच्यापाशीच अडतो. आधी टायर.

आता स्प्रिंग आणि शॉकअप. ही जोडी आहे, हे थोड्या आकड्यांवरून कळतं. गाडीच्या एका कोपऱ्यावर, म्हणजे एका चाकावर, ३०० किलो वजन आहे आणि चाकाशी मोजलेला कडकपणा मिमीला ३० न्यूटन आहे, असं समजा. हा कोपरा मोकळा सोडला तर सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलेल. साधी प्रवासी गाडी १ ते १.५ हर्ट्झच्या दरम्यान असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या. त्यापुढे खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागतं. हे झुलणं मूळची उंची न ओलांडता थांबवायला शॉकअपचा जेवढा विरोध लागतो त्याच्या ३० टक्के विरोध ठेवला, तर १० सेंटीमीटर दाबून सोडलेला कोपरा उलट बाजूला ३.७ सेंटीमीटर जातो आणि शांत होत जातो. आता शॉकअप तोच ठेवून ४० टक्के कडक स्प्रिंग घातली. झुलणं १.९ हर्ट्झच्या घरात गेलं, आणि जुन्या शॉकअपचा विरोध नव्या गरजेच्या २५ टक्केच उरला, कोपरा ४.४ सेंटीमीटर जाईल. शॉकअप निम्मा झिजलेला असेल तर तब्बल ६.७. लांबच्या वळणात मध्येच उंचवटा लागला की स्टिअरिंग हलकं पडून मागची बाजू नाचते, त्याचं कारण हे. शिल्लक एकाच गोष्टीपुरती असेल तर शॉकअप घ्यावेत आणि स्प्रिंग मूळच्याच ठेवाव्यात.

दुसऱ्या गाडीवर चांगल्या चाललेल्या स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्मच्या रचनेत) स्प्रिंग चाकापासून आत बसते. चाक १० मिमी वर गेलं तर ती जेमतेम ७ मिमी दबते. या ०.७ चा वर्ग होतो, त्यामुळे ६० न्यूटनची स्प्रिंग चाकाशी २९ चीच ठरते. स्ट्रटमध्ये तीच जवळजवळ पूर्ण लागू पडते. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचं नातंही बिघडू देऊ नये. जनरल मोटर्समध्ये काम केलेल्या मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी वेगाने झुलत असेल तर ती उशिरा धक्का खाऊनही पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचं पुढे-मागे डुलणं लवकर थांबतं. म्हणून सेटमधल्या फक्त पुढच्या दोन स्प्रिंग घालणं हा काटकसरीचा चुकीचा प्रकार.

स्प्रिंग कापणं हा आणखी वाईट. वेटोळं कमी झालं की ती कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि गॅसने कापली तर पोलादाचं पाणीच उतरतं.

गाडी किती खाली आणावी? ५०० मिमी उंचीवरचा गुरुत्वमध्य २५ मिमी खाली आला तर बाहेरच्या चाकांकडे सरकणारं वजन फक्त ५ टक्क्यांनी घटतं. बदल्यात चाकाचा वर-खाली प्रवास जातो. शॉकअपच्या दांड्याला बंपस्टॉपपर्यंत (प्रवास संपताना टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) ५० मिमी मोकळी जागा असेल आणि गाडी ३५ मिमी खाली बसवली, तर तोच खड्डा १५ मिमीत जिरवायचा उरतो. बंपस्टॉपला टेकला की कोपरा एकदम कितीतरी पट कडक होतो. पुढचा टेकला तर गाडी नाकासमोर सरकते, मागचा टेकला तर शेपटी सुटते. हे तपासायला प्लॅस्टिकचा एक केबल टाय पुरतो. तो दांड्यावर घट्टसर बांधून नळीपर्यंत सरकवा, नेहमीच्या रस्त्याने फिरून या आणि तो कुठे ढकलला गेला ते पाहा. रोजच बंपस्टॉपच्या आत जात असेल तर गाडी फार खाली आहे. स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म आडव्या रेषेच्या वर झुकू लागला की कलण्याचा केंद्रबिंदू (ज्याच्याभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जलद खाली जातो, त्यामुळे फार खाली बसवलेली गाडी उलट जास्त कलू पाहते. २०–२५ मिमीवर थांबणं बरं.

कलणं खरोखर खटकत असेल तर अँटीरोल बारचा (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणाऱ्या सळईचा) विचार करावा. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो: २२ मिमीच्या जागी २४ मिमी म्हणजे सुमारे ४२ टक्के जास्त. २४ मिमीची, ४ मिमी जाडीची पोकळ बार घेतली तर वजन ४४ टक्के घटतं, कडकपणा मात्र २० टक्केच. पण बार वजनाचं सरकणं थांबवत नाही. १२०० किलोची, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आणि ५०० मिमीवर गुरुत्वमध्य असलेली गाडी ०.८ जी ने वळली की ३२० किलो बाहेर जाणारच. बार फक्त त्यातलं किती पुढून आणि किती मागून जावं हे ठरवते. टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे ज्या टोकाची बार जाड, त्या टोकाची एकूण पकड कमी होते. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागची बार वाढवताना जपून, नाहीतर वळणातून निघताना आतलं चाक हवेत फिरत राहतं. भोकं बदलून कडकपणा सेट होणारी बार थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

पॉलियुरेथेन बुश बारच्या बैठकीला उत्तम. जिथे आर्म एकापेक्षा जास्त दिशांनी हलतो तिथे मात्र ती अडकते. शिवाय सिलिकॉन ग्रीस न लावल्यास करकरते.

स्वस्त कॉइलओव्हरचं (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअप संचाचं) आमिष मोठं असतं. स्प्रिंगची खालची चकती फिरवून उंची कमी होणारा प्रकार असेल तर प्रवासही तितकाच कमी होतो. नळीचा खालचा भाग वेगळा फिरून उंची बदलत असेल तर प्रवास वाचतो. ठरलेल्या उंचीला चांगल्या शॉकअप-स्प्रिंगचा साधा जोड बहुतेकदा सरस ठरतो.

बसवताना स्प्रिंग कंप्रेसरने दाबून धरल्याशिवाय वरचा नट सैल करू नका, सुटलेली स्प्रिंग हाड मोडते. दांडा पक्कडीने धरू नका. त्यावर पडलेला एक ओरखडा सील खातो. नायलॉनचे लॉकनट नवे घाला, कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. काम झाल्यावर हेडलाइट पुन्हा सेट करा. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट लगेच नीट करून घेतलं तरी काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, आणि त्याच वेळी केबल टायही पाहा.