धोका कळवला, बदली आली: सीमाभागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दाव्यांची पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात, वीज, बससेवा, नगरपालिका किंवा सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाने धोका लेखी कळवला आणि त्यापायी त्याला त्रास झाला, तरी त्याच्या फायलीत तसं कुठेच लिहिलेलं नसतं. फायलीत असतो एखादा मेमो, 'प्रशासकीय कारणास्तव' बदलीचा हुकूम, त्याच दिवशीचा 'तात्काळ कार्यमुक्त' हा शेरा आणि पुढे कधीतरी दोषारोपपत्र. सुरक्षेबद्दल तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा राज्य सेवेसाठी आजही लागू नाही. त्यामुळे असा प्रत्येक दावा सेवानियमांच्या जुन्या चौकटीतच लढवावा लागतो.

ती चौकट इथे 1 नोव्हेंबर 1956 नंतर आली. जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 ने इकडे वाटून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलायला मनाई केली. ती पिढी निवृत्त झाल्यावर हे कवच संपलं. राहिले ते 1957 चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम आणि 1966 चे वर्तणूक नियम. वर्तणूक नियमांची जागा 2021 मध्ये नव्या नियमांनी घेतली, पण वृत्तपत्राशी बोलणं आणि कार्यालयीन कागद बाहेर देणं यांवरची बंधनं कायम आहेत. धोका दाखवणारा फोटो पत्रकाराला पाठवला, की तक्रारीचा विषय मागे पडतो आणि चौकशी सुरू होते ती फोटो बाहेर कसा गेला याची.

तक्रार प्रत्यक्षात कशाबद्दल असते, हे 11 केव्ही वाहिनीवर काम करणाऱ्या पॉवरमॅनच्या उदाहरणातून नीट कळतं. खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून लाइन क्लिअर (एलसी), म्हणजे वाहिनी बंद केल्याची परवानगी, घ्यायचा. ऑपरेटरने ब्रेकर आणि आयसोलेटर उघडून एलसीचा नंबर व वेळ रजिस्टरला नोंदवायची. कामाच्या जागी स्विच उघडून कुलूप लावायचं, वाहिनीत वीज नाही हे तपासायचं, डिस्चार्ज रॉडने उरलेला विद्युतभार जमिनीत सोडायचा आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावायचं, म्हणजे तारा जमिनीशी जोडायच्या. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात झाडं पडून वाहिन्या तुटतात, गावं अंधारात असतात, वरून फोन सुरू होतात आणि यातलं अर्थिंग सर्वांत आधी गळतं, कारण सेक्शन कार्यालयाकडे अर्थिंगचं किटच नसतं. एकाच खांबावरून दोन फीडर, म्हणजे वेगवेगळ्या वाहिन्या, जात असतील, तर एलसी एकाचा आणि हात दुसऱ्याच्या तारेला, असंही होतं. एखाद्या गिरणीत चेंजओव्हर स्विचशिवाय (तो जनरेटर जोडताना वाहिनी तोडतो) जनरेटर चालू केला, तर वीज ट्रान्सफॉर्मरच्या कमी दाबाच्या बाजूने उलटी शिरते आणि बंद समजलेल्या वाहिनीवर पुन्हा 11 केव्ही उभा राहतो. दोन्ही बाजूंना अर्थिंग असेल तर माणूस वाचतो. 'किट आल्याशिवाय चढणार नाही' असं म्हणणाऱ्याला मेमो येतो तो 'कर्तव्यास नकार' या नावाने. किटची लेखी मागणी त्याने दोन महिने आधी टपालात देऊन पोच घेतली असेल, तर तोच मेमो चौकशीत वेगळा वाचला जातो. मागणी तोंडीच राहिली असेल, तर तो नुसता आज्ञाभंग ठरतो.

या सगळ्या इतिहासात 1986 च्या एका निकालाला वेगळी जागा द्यावी लागते. कर्नाटकातल्याच एका कर्मचाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. बदलीने सेवाशर्ती तोट्याच्या दिशेने बदलतात, म्हणून 1957 च्या नियमांखाली तिच्याविरुद्ध अपील करता यावं, हा मुद्दा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. बदलीयोग्य पदावरच्या माणसाची बदली हा नोकरीचा नेहमीचा भाग आहे, त्याने सेवाशर्त बदलत नाही, म्हणून अपील नाही, असं ठरलं. वारंवार, अवेळी आणि अवाजवी बदल्यांनी कुटुंब उखडतं, मुलांच्या शिक्षणाचे हाल होतात, बदलीचं धोरण न्याय्य हवं, हेही त्याच निकालात आहे. वकील हा भाग आवर्जून वाचून दाखवतात, पण आदेशाचा भाग तो नव्हे.

या निकालाचा परिणाम जेवढा सांगितला जातो त्याहून मोठा आहे. वेतनवाढ रोखली, ठपका ठेवला किंवा निलंबित केलं, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि त्याला कारणं द्यावी लागतात. बदलीला तो टप्पाच नाही. साहजिकच धोका कळवणाऱ्याला हलवायचं असेल, तर शिक्षेपेक्षा बदली सोपी पडते. आरोप नको, चौकशी नको, कारण नको. न्यायालयाने प्रशासनाच्या सोयीचा विचार केला, आणि तो चूक म्हणता येणार नाही. मात्र ज्या बदलीमागे तक्रार आहे आणि ज्या बदलीमागे नाही, त्या दोन्ही या निकालाने एकाच तराजूत तोलल्या, ही त्याची उणीव आहे. 1989 मध्ये एका राज्य वीज मंडळाच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात आणखी एक गाठ बसली: निवेदन प्रलंबित आहे एवढ्यावर नव्या जागी हजर व्हायला नकार देता येत नाही. हजर न होणं हा अनधिकृत गैरहजेरीचा स्वतंत्र आरोप होतो, आणि मग मूळ बदलीबद्दल कोणी विचारतही नाही. दावा टिकवायचा तर आधी हजर व्हायचं, हजर होतानाच 'हक्क राखून' असं लिहून द्यायचं आणि मग आव्हान द्यायचं.

दिलासा आला 2009 मध्ये. शिक्षेऐवजी केलेली बदली रद्द होऊ शकते, आणि हुकूम असंबद्ध कारणावर उभा असेल तर कायद्याच्या दृष्टीने तोही दुर्हेतूच, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. व्यवहारात हा फरक मोठा आहे. अधिकाऱ्याचा वैयक्तिक आकस होता असं म्हणायचं, तर त्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं आणि आकस तपशिलासह सिद्ध करावा लागतो. तालुक्याच्या गावात, त्याच खात्यात आणखी वीस वर्षं काढायची असताना हे फार थोडे जण करतात. 2009 ची वाट तारखांवरून जाते: तक्रारीची आवक तारीख, तपासणीची तारीख, हुकुमाची तारीख, आणि रिकाम्या केलेल्या जागी कोणाला आणलं. राज्याच्या 2013 च्या बदली आदेशात गटागणिक किमान मुदत आहे आणि मुदतपूर्व बदलीला मुख्यमंत्र्यांची मंजुरी लागते. ती मंजुरी फायलीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात पहिल्यांदा मागवायचं. राज्याच्या नियमानुसार अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. तक्रार आणि बदली एकाच अर्जात कोंबली, की तो परत येतो. म्हणून दोन अर्ज, प्रत्येकी 10 रुपये.

दाद कुठे मागायची हे नोकरी कोणाची यावर ठरतं. खात्याचे कर्मचारी 1986 पासून राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात. मुदत एक वर्षाची आहे. एकतर्फी अंतरिम स्थगिती मिळाली, तरी समोरच्याला प्रत व संधी दिली नाही तर ती 14 दिवसांत आपोआप संपते. बरेच जण स्थगिती मिळाली म्हणून निर्धास्त राहतात आणि पंधराव्या दिवशी कार्यमुक्त होतात. आधी यासाठी बंगळूर गाठावं लागे, आता बेळगावात पीठ आहे. उच्च न्यायालयाचं धारवाड पीठही 2008 मध्ये फिरतं आणि 2013 मध्ये कायम झालं. बस महामंडळ किंवा वीज कंपनीचा कामगार मात्र या न्यायाधिकरणात जात नाही. तो कामगार न्यायालयात किंवा धारवाडला जातो. धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं औद्योगिक विवाद कायद्यात 1984 पासून स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. म्हणजे ब्रेक लायनर नसताना गाडी सोडायला नकार देणाऱ्या डेपो मेकॅनिकच्या हाती जे शब्द आहेत, ते ऑक्सिजनची गळती कळवणाऱ्या परिचारिकेच्या हाती नाहीत.

भाषेचा प्रश्न इथे वेगळा येतो. गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिला आहे, त्यामुळे मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण फाईल कन्नडमध्ये फिरते, आणि भाषांतरासाठी थांबलेल्या अर्जाची आवक नोंद उशिरा पडली तर तारखांचा सगळा क्रम बिघडतो. अर्ज कन्नडमध्ये द्यावा, सोबत मराठी प्रत जोडावी आणि दोन्हींवर त्याच दिवशी शिक्का घ्यावा.

जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाची चर्चा 2003 मध्ये बिहारमधल्या एका महामार्ग अभियंत्याच्या खुनानंतर सुरू झाली. 2004 चा केंद्रीय ठराव केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता होता. राज्यांनाही लागू होणारा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अजून अंमलात आलेला नाही. अंमलात आला तरी त्याची व्याख्या भ्रष्टाचार, अधिकाराचा जाणीवपूर्वक गैरवापर आणि फौजदारी गुन्हा एवढ्यापुरतीच आहे. अर्थिंग किट पुरवलं नाही हा निष्काळजीपणा तीत सहज बसत नाही. 2020 च्या साथीत आंध्रातल्या एका सरकारी भूलतज्ज्ञाने मास्कच्या तुटवड्याबद्दल जाहीरपणे बोलल्यावर त्याचं निलंबन झालं, तेव्हा ही फट देशभर दिसली.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता कामगाराला तातडीचा धोका मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क देते. वरिष्ठांना डावलल्याचा आरोप आला, तर हा आधार उपयोगी पडतो. राज्य सरकारची कार्यालयं मात्र संहितेतून वगळली आहेत, आणि त्यांच्याकडे कंत्राटदारामार्फत असलेले कामगार तिच्यात येतात. पण कंत्राटी माणसाला बदलीचा हुकूमही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीवर नाव नसतं, आणि आव्हान द्यायला हातात कागद नसतो. त्याच्यासाठी बँकेत जमा झालेला पगार, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि एलसी रजिस्टरमध्ये त्याच्या नावाने पडलेल्या नोंदी, एवढाच पुरावा उरतो. रजिस्टरच्या पानांचा फोटो काढून कोणाला दाखवण्यापेक्षा त्यांची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागवणं सुरक्षित, आणि ती नोकरी सुटण्याच्या आधीच मागवलेली असावी.