टीएमएस आणि टीडीसीएस: नावे सारखी, कामे निराळी

नैराश्यावर दोन-तीन औषधांचा गुण आला नाही, की टीएमएस (ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे चुंबकाने मेंदू उद्दीपित करणे) आणि टीडीसीएस (ट्रान्सक्रेनिअल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, म्हणजे सलग वीजप्रवाहाने तेच करणे) ही नावे कानावर येतात, आणि दोन्हींत कवटी न उघडता बाहेरूनच मेंदूवर उपचार होत असल्यामुळे घरची मंडळी त्यांना एकच समजतात. भूल देऊन झटका आणणारा ‘शॉक’ मात्र या दोहोंपैकी एकही नव्हे.

टीएमएसमध्ये डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडतात. त्यातून निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जाते आणि मेंदूच्या वरच्या थरात पुन्हा वीज उत्पन्न करते, त्यामुळे नाव चुंबकाचे असले तरी काम अखेर विजेचेच असते. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. ही वीज चेतापेशींना प्रत्यक्ष उद्दीपित करते: हाताची हालचाल घडवणाऱ्या भागावर वेटोळे धरले की अंगठा आपोआप उडतो, आणि रुग्णाची मात्राही त्यावरूनच ठरते. नैराश्यासाठी डाव्या कपाळामागच्या भागावर आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे हा उपचार करतात. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली.

टीडीसीएसमध्ये डोक्यावर बसवलेल्या, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजांमधून वीस-तीस मिनिटे एक-दोन मिलिअँपिअरचा सलग प्रवाह जातो. अंगठा उडत नाही. पेशी फक्त उद्दीपनाला थोड्या अधिक सज्ज होतात. यंत्र स्वस्त आणि घरी नेण्याजोगे असल्याने त्याची जाहिरात जोरात होते, पण २०२३ मध्ये जर्मनीत नैराश्याच्या १६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत औषधाच्या जोडीला दिलेला हा उपचार लुटुपुटीच्या, म्हणजे यंत्र लावूनही खरा प्रवाह न दिलेल्या, उपचाराहून सरस ठरला नाही.

आघातानंतरच्या तणावाच्या विकारात, म्हणजे पीटीएसडीत, चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील १६४ माजी सैनिकांच्या नैराश्यावर, ज्यांतील अनेकांना पीटीएसडीही होता, टीएमएस देऊन पाहिले, तेव्हा खऱ्या आणि खोट्या उपचाराच्या गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, चाळीस टक्क्यांच्या आसपास निघाले. उलट २०२४ च्या एका चाचणीत ५४ माजी सैनिकांना आभासी युद्धदृश्ये दाखवत असतानाच काहींना खरे, तर काहींना खोटे टीडीसीएस दिले, तेव्हा खरे मिळालेल्यांची पीटीएसडीची लक्षणे अधिक कमी झाली. पेशींना केवळ सज्ज करणाऱ्या यंत्राला त्या वेळी मेंदूत काहीतरी चाललेले असावे लागते, असे मला यावरून वाटते. तरीही अमेरिकेच्या सैनिकी आरोग्यव्यवस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने पीटीएसडीसाठी या उपचारांचा पुरावा अपुरा मानला असून, आघाताच्या आठवणींवर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांनाच पहिले स्थान दिले आहे.