नूतनीकरण आणि परंपरा (कॅथलिक ख्रिस्तसभा)

बायबल आणि प्रेषितांपासून, म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपासून, शिकवणीतून, उपासनेतून चालत आलेली परंपरा, दोन्हीचा झरा एकच असं कॅथलिक लोक मानतात. सोलापुरात हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इथे ख्रिश्चन म्हटलं की बऱ्याच जणांना अमेरिकन मराठी मिशनची प्रोटेस्टंट मंडळीच आठवतात आणि त्यांच्याकडे शेवटचा शब्द बायबलचा असतो. सोलापूरचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपच्या हाताखालच्या भागात, येतात. तर ही परंपरा आजच्या काळात कशी जपायची, किती बदलायची, यावर विसाव्या शतकात जे मंथन झालं ते म्हणजे नूतनीकरण. जुनं मोडून नवं आणलं असा बऱ्याच जणांचा समज आहे, पण ज्यांना "नवे" म्हणून नावं ठेवली ते लोक खरं तर जास्त जुन्याकडे गेले होते.

फ्रान्समध्ये आंरी द लुबाक आणि जाँ दानिएलू या जेझुइट संघाच्या फादरांनी १९४२ मध्ये पहिल्या शतकांतल्या धर्मपित्यांचे, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या धर्मशिक्षकांचे, ग्रंथ छापायची मालिका काढली. त्या वेळी सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, सगळं शिक्षण थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या धर्मपंडिताच्या नावाने लिहिलेल्या गाईडछाप पुस्तकांवर चालायचं, आणि हे म्हणाले की मूळ ग्रंथच वाचू ना. रोमला, म्हणजे पोपच्या कारभाराला, ते पटलं नाही, १९५० मध्ये द लुबाकचं शिकवणं बंद झालं, १९५४ मध्ये इव्ह काँगार या डॉमिनिकन संघाच्या फादरवर तीच वेळ आली. गंमत अशी की पुढे दोघंही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, तज्ज्ञ म्हणून बसले आणि म्हातारपणी कार्डिनल (पोपच्या खालोखालचा मान) झाले, द लुबाक १९८३ मध्ये, काँगार १९९४ मध्ये.

ही परिषद पोप जॉन तेविसावे यांनी बोलावली, ११ ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाली, मधेच ते वारले म्हणून पोप पॉल सहावे यांनी पुढे चालवली आणि ८ डिसेंबर १९६५ ला संपली. एकूण १६ दस्तऐवज निघाले. त्यातला दैवी प्रकटीकरणावरचा आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यात स्पष्ट लिहिलंय की परंपरा ख्रिस्तसभेत वाढत जाते, म्हणजे तिची समज खोल होत जाते, आणि शिकवणारा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे. ही वाढीची कल्पना जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मपंडितांनी १८४५ मध्येच मांडली होती.

सामान्य माणसाला मात्र बदल दिसला तो मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत. आधी लॅटिन, फादरची लोकांकडे पाठ, लोक बसून रोझरीचे मणी ओढतायत. आता आपली भाषा, तोंड लोकांकडे, वाचन करायला कोणीतरी मावशी नाहीतर कॉलेजचा पोरगा. पण परिषदेच्या दस्तऐवजात लॅटिन काढा असं कुठेच नाही, उलट ती राखावी आणि मातृभाषेला जास्त जागा द्यावी असं आहे. व्यवहारात लॅटिन जवळपास गेलीच. पास्काचा जागर, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना बघा, तो कित्येक शतकं शनिवारी सकाळी उरकला जायचा, लख्ख उन्हात मेणबत्ती पेटवून "ही ती रात्र" म्हणायचे. पोप पायस बाराव्यांनी १९५१ मध्ये तो परत रात्री आणला, म्हणजे परिषदेच्याही आधी. याला नवं म्हणायचं की जुनं?

आषाढीला माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात शिरते तेव्हा वाटतं हे असंच ज्ञानोबांच्या काळापासून चाललंय. वारी जुनी आहेच, पण आजचा पालखी सोहळा, दिंड्यांची शिस्त, ही हैबतबाबांची एकोणिसाव्या शतकातली घडी आहे. ज्या जुन्या लॅटिन मिस्सेला "परंपरेची मिस्सा" म्हणतात तिचंही तसंच, तिची छापील घडी पायस पाचव्यांनी १५७० मध्ये पक्की केली, आतला गाभा त्याहून कितीतरी आधीचा.

भारतात १९६९ मध्ये रोमने मिस्सेत बारा भारतीय गोष्टींना परवानगी दिली. चपला बाहेर, जमिनीवर मांडी घालून बसणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, मेणबत्त्यांच्या जागी तेलाचे दिवे, फादरच्या अंगावर शाल, आणि अर्पणाच्या वेळी फुलं, धूप, दिव्याने आरती. काही कॅथलिकांनाच हे हिंदूंची नक्कल वाटलं आणि वादही बरेच झाले. मला ती तक्रार पटत नाही. थॉमस स्टीफन्स या गोव्यातल्या इंग्रज जेझुइट फादरने १६१६ मध्ये ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओवीत छापली होती, तेव्हा कुठली परिषद होती?

उलट बाजूही आहे. मार्सेल लफेव्र या फ्रेंच आर्चबिशपना (वरिष्ठ बिशपना) हे सगळं परंपरेशी फारकत वाटलं, त्यांनी १९७० मध्ये स्वतःचा संघ काढला, १९८८ मध्ये पोपची परवानगी नसताना चार बिशप अभिषिक्त केले आणि बहिष्कृत झाले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुन्या मिस्सेला मोकळीक दिली, २००९ मध्ये त्या चौघांवरचा बहिष्कार उठवला, परिषद म्हणजे सुधारणा आहे, तुटणं नाही, असं ते म्हणायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती मोकळीक परत आवळली.

सोलापुरात लॅटिनचं भांडण फारसं कोणाला शिवत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या गावात मातृभाषेतली मिस्सा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाची मातृभाषा, आणि इंग्रजी शाळेतल्या पोरांना तर आणखी वेगळीच हवी असते.